मशीन बंद करायचा हुकूम

सत्यवान तांडेलाच्या पडवीत दोन डबे ठेवले होते, आणि त्यातला कुठला गाडीत बसवायचा यावरून त्या घरात तीन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. एक डबा जुना, काळा, चिऱ्यासारखा जड. रेडी बंदराच्या भंगारातून आणलेला. दुसरा नवाकोरा, पुण्याचा. काम दोघांचं एकच, बॅटऱ्यांतली वीज मोटरीला कधी आणि किती सोडायची ते बघायचं. सावंतवाडीचा कौस्तुभ त्याला कंट्रोलर म्हणायचा. घरातले डबोच म्हणायचे, आणि डब्याला डबा म्हटल्याने कोणाचं काही बिघडत नाही. बिघडलं ते दुसऱ्याच कारणाने.

गाडी अठ्ठ्याऐंशी सालची मारुती. इंजिन कधीच मेलेलं, पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला. सत्यवानाचा धाकटा भाऊ शिवा ट्रॉलरांची मशिनं दुरुस्त करायचा. त्याने ती कोणाच्या तरी माडांच्या बागेतून ओढून आणली, इंजिन उपसून टाकलं आणि त्या जागी रेडीच्या गोदामात माल उचलणाऱ्या बॅटरीगाडीची मोटर बसवली. मागच्या सीटच्या जागी ट्रकच्या चार बॅटऱ्या. सर्जेकोटच्या बंदरावर लोक पोट धरधरून हसले. "पेट्रोल महाग झालां म्हणान शिवा आता गाडयेक करंट देता," असं बाबली खलाशी कोपऱ्याकोपऱ्यावर सांगत सुटला. हसतील त्यांचे दात दिसतील. शिवाला पेट्रोलचं सोयरसुतक नव्हतं. विजेच्या गाडीला क्लच नाही, सारखा गिअर बदलायला नको. हाताच्या एका लिव्हरवर ती पुढे जाते, दुसऱ्या लिव्हरवर थांबते. पाय लागतच नाहीत, आणि सत्यवानाला पाय नव्हते.

म्हणजे डावा होता, पण नावापुरता. उजवा गुडघ्याखालून काढलेला. दोन हजार तीन साली, दिवाळीच्या आधी, जाळं ओढताना ट्रॉलरच्या विंचच्या, जाळं वर घेणाऱ्या रहाटाच्या, वायरीत दोन्ही पाय गेले. विंचच्या दांड्यावर तेव्हा शिवा होता.

त्या होडीवर सत्यवानाचा एक कायदा होता, आणि तो देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याइतका पक्का होता. मशीन होडीचं असो की विंचचं, तांडेलाने, म्हणजे होडीच्या कप्तानाने, हात वर केल्याशिवाय बंद करायचं नाही. कायद्याला कारण होतं. सत्यवान अठरा वर्षांचा असताना त्याच्या हरिश्चंद्र काकाची होडी खाडीच्या तोंडावर लाटांत सापडली आणि कोणीतरी घाबरून मशीन बंद केलं. मशीन बंद झालं की सुकाणूवरून पाणी वाहत नाही, आणि पाणी वाहिलं नाही तर सुकाणू फिरवा नाहीतर कपाळ बडवा, दोन्ही सारखंच. होडी आडवी झाली. काका तिसऱ्या दिवशी आचऱ्याच्या किनाऱ्याला मिळाला, आणि त्याला उचलायला चौघांत सत्यवान होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हा तर ताकाच्या वाटेलाच जाईना.

तर वायर सत्यवानाच्या पायांभोवती गेली ती शिवाने आपल्या डोळ्यांनी बघितली. दांडा हातात होता. खाली ओढला की विंच थांबणार. पण त्याने आधी बघितलं ते भावाच्या हाताकडे. बारा वर्षं तेच करत आला होता. हात वर गेला नाही, कारण सत्यवान दोन्ही हातांनी कठडा धरून होता. मग शिवाने दांडा ओढला. मध्ये वेळ गेला तो एक, दोन म्हणण्याइतका. तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं.

यावर सत्यवान कधी एक अक्षर बोलला नाही. ना गोव्याच्या इस्पितळात, ना घरी. "तुझी चूक" म्हणाला नाही आणि "तुझी चूक नाय" असंही म्हणाला नाही. कालवण कसं झालंय, वारा कुठला आहे, ट्रॉलर विकून टाकू, एवढंच बोलायचा आणि मूग गिळून बसायचा. शिवी दिली असती तर शिवाने ती ओंजळीत घेतली असती. तीन वर्षं तो त्या एका शब्दासाठी झुरत होता, आणि विचारायची छाती नव्हती म्हणून गाडी बनवत होता. भाऊ एकदा स्वतःच्या हाताने गाडी चालवत, कोणी न उचलता, मासळीच्या लिलावाला जाऊन बसला की कदाचित तोंड उघडेल, असं त्याचं गणित होतं.

शिवाची बायको सुगंधा मासे विकायची. माहेर मिठबावचं, आणि जिभेला धार कोयत्याची. ती एकदा भर दुपारी त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तोंडान इचारुक जमणा नाय म्हणान पत्रो ठोकतंस. पत्रो काय सांगतलो तुका?"

शिवाने पान्हा उचलला आणि गाडीखाली गेला. मेकॅनिकला लपायला गाडीखाली जागा असते.

कौस्तुभ रविवारी आला तो नवा डबा घेऊनच. सावंतवाडीला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. वय तिशीच्या आसपास, बोलणं पुस्तकातलं, पण हात कामाचे. त्याने आणि शिवाने गाडीची पुढची चाकं ओंडक्यांवर उचलली. शिवाने सत्यवानाला उचलून स्टेअरिंगमागे बसवलं. वेगाचा लिव्हर सत्यवानाने हट्टाने होडीचाच लावून घेतला होता. जिथे ठेवाल तिथे राहणारा, सोडला की मागे येणारा नव्हे.

आधी नवा डबा जोडला. किल्ली फिरवली. चाक ढिम्म हललं नाही आणि डब्यावर एक लाल दिवा मिचमिचायला लागला.

"ह्येका काय झालां?" सत्यवानाने विचारलं.

"काही झालं नाही, भाई. तुमचा लिव्हर थोडा पुढे आहे. आधी शून्यावर आणा, मग सुरू होईल. चालू करताकरता गाडीने उडी मारू नये म्हणून ही सोय केलेली असते."

"म्हणजे माझो हात खंय आसूक होयो, ता ह्यो डबो ठरवतलो?"

कौस्तुभ हसला. तिथेच चुकला तो. सत्यवान थट्टा करत नव्हता. लिव्हर मागे घेतल्यावर चाक गुमान फिरायला लागलं, आवाज नाही की काही नाही. मग कौस्तुभने आपल्या मालाची तारीफ सुरू केली. लिव्हरची वायर त्याने उपटली आणि चाक थांबलं. "बघा. वायर तुटली, डब्याने वीज तोडली. तापला तर आधी जोर कमी करेल, मग थांबेल. आत काही जळलं तर हा बाजूचा खटका आपोआप पडेल. कोणी सांगावं लागत नाही."

कोणी सांगावं लागत नाही, हे त्याने गुण म्हणून सांगितलं. सत्यवानाचा चेहरा काळवंडला.

"चढावार आसताना तापलो तर?"

"तर थांबेल. थंड झाला की परत चालेल."

"लाटेत आसताना?"

"भाई, हा रस्ता आहे. इथे लाट कुठली?"

"तुमका रस्तो," सत्यवान म्हणाला. "हरिकाकाक मी उचललंय. माका आपल्या मनान बंद पडणारा मशीन नको. बंद कधी करूचा ता मी सांगतलंय. काढ तो, शिवा."

शिवाने तो काढला आणि जुना जोडला. हा डबा त्याने स्वतः उघडून साफ केला होता. आतले स्क्रू हिरवे पडलेले, एकदोन सांधे नव्याने डाख दिलेले. किल्ली फिरवताच डबा मच्छरासारखा गुणगुणला आणि चाक झटक्यात फिरलं. सत्यवानाने लिव्हर पुढे केला, गुणगुण चढली. मागे घेतला, उतरली. परत पुढे. आणि तो हसला. नुसता गालात नव्हे, चांगला खदखदून. त्याची बायको नर्मदा चुलीपुढून खोबऱ्याचे हात तसेच घेऊन बाहेर आली, घरात कोण हसलं ते बघायला. तीन वर्षांत ती पडवी असा आवाज विसरली होती.

"हेका म्हणतत मशीन," सत्यवान म्हणाला.

जाताना कौस्तुभने शिवाला विहिरीपाशी बाजूला घेतलं. "शिवादादा, तुम्ही मशीनवाले आहात, तुम्हाला मी काय सांगणार. पण वस्तू दोन तऱ्हांनी बिघडते. एक बंद पडून, आणि दुसरी बंद व्हायचं विसरून. नवा बिघडला तर गाडी थांबेल. जुना बिघडला तर थांबेलच असं नाही. आतला तुकडा जळून एकजीव झाला की सगळ्या बॅटऱ्या थेट मोटरीला, मग तुमचा लिव्हर कुठेही असो. नवा ठेवून जातो मी. घाई करू नका."

शिवाला हे कळत नव्हतं असं नाही. त्या डब्याची आतडी त्याने बघितली होती. तीन दिवस तो पडवीत येरझाऱ्या घालत राहिला, डब्यांकडे बघत राहिला. दोनदा त्याने विषय काढला. "भाई, नवो बरो आसा रे." दोन्ही वेळा सत्यवानाने समुद्राकडे तोंड फिरवलं, आणि ते फिरवलेलं तोंड शिवाला तीन वर्षं पाठ होतं. चौथ्या दिवशी त्याने जुना डबा बसवला. का, तर त्या हसण्यासाठी. ज्याचे पाय आपण घालवले त्याचं हसू कोण काढून घेणार? असं तो स्वतःला सांगत होता. खरं कारण त्याहून साधं होतं: भावाने हुकूम दिला होता, आणि शिवाला हुकूम मोडता येत नव्हता.

मनाच्या समाधानासाठी त्याने एक मोठा खटका लावला, ट्रकचा. ओढला की बॅटऱ्या सुट्या. तो लावला दोन सीटच्या मधोमध.

"हंय नको," सत्यवान म्हणाला. "माझो कोपरो लागतलो आणि भर वाटेत बंद पडतली. तुझ्या बाजूक घे."

"तू एकटो जातलंस तेव्हा?"

"तेव्हाचा तेव्हा बघू."

खटका डाव्या बाजूला गेला, शिवाच्या गुडघ्यापाशी. आता सांगा, ज्या गाडीत माणूस एकटा जायचा, तिच्यातला जीव वाचवणारा खटका शेजारच्या सीटजवळ. पण हे बोलणार कोण? एकाला ऐकायचं नव्हतं आणि दुसऱ्याला बोलायचं नव्हतं.

शाळेमागच्या मैदानात त्यांनी दोन दिवस फेऱ्या मारल्या. गाडी चालली. झकास चालली म्हणा ना. सत्यवान उजव्या हाताने स्टेअरिंग, डाव्याने कधी वेगाचा लिव्हर, कधी ब्रेकचा, असं लीलया करायला लागला. हात आडमुठे असते तर तांडेल कसा झाला असता? तिसऱ्या दिवशी तो सकाळी उठला, दाढी केली, इस्त्रीचा सदरा मागितला.

"आज लिलावाक जाऊया," म्हणाला. "तू नुसतो बस बाजूक. बोलू नको."

नर्मदेने देवाला नारळ ठेवला. शिवाला धाकधूक होती, पण आत कुठेतरी त्याला आनंदही होत होता. बंदरावर पोचल्यावर भाऊ काय बोलेल, ह्याचाच विचार त्याच्या डोक्यात होता.

वाडीतून रस्ता आधी खाली ओढ्याच्या मोरीवर उतरतो, मग एक चढ लागतो, आणि चढाच्या माथ्यावरून सरळ उतार थेट बंदरावर. मोरी गेली. चढावर गाडीचा जोर कमी पडायला लागला तेव्हा सत्यवानाने लिव्हर पूर्ण पुढे केला. गुणगुण बारीक होत होत चिरकी झाली. शिवाच्या नाकाला वास आला, जळक्या वार्निशचा. वाइंडिंग जळलं की येतो तोच.

"भाई, जरा थांब. तापलो हा."

"चढ संपलोच."

चढ संपला. माथ्यावर गुणगुण एकाएकी थांबली, आणि शिवाला वाटलं, सुटलो, बंद पडला. बंद पडला नव्हता. बंद व्हायचं विसरला होता. सत्यवानाने लिव्हर मागे घेतला आणि गाडीने काही ते मनावर घेतलं नाही. पुढे उतार, आणि गाडी धाव घ्यायला लागली.

सत्यवानाने परत लिव्हर पुढे केला, परत मागे. काही नाही. मग ब्रेकचा लिव्हर दाबला. चाकं कुरकुरली, रबराचा वास सुटला, वेग थोडा अडखळला आणि परत वाढला. पायाने दाबायचा ब्रेक हाताने दाबलेला, वर मोटर पुरत्या जोरात ढकलत होती. तो पुरणार कुठे? खाली बंदर स्वच्छ दिसत होतं. बर्फाच्या पेट्या, टोपल्या, माशांचे वाटे लावून बसलेल्या बायका. सगळ्यांच्या पाठी ह्यांच्याकडे. विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाजही नाही की कोणी मागे वळून बघावं. त्या पाठींत सुगंधेची पाठ शिवाने ओळखली.

त्याचा हात खटक्यावर गेला होता. गेला आणि थांबला. त्याची मान आपोआप उजवीकडे वळली, भावाच्या हाताकडे.

सत्यवानाचे दोन्ही हात आता स्टेअरिंगवर होते. डोळे खाली, उजव्या अंगाच्या पुळणीच्या वाळूवर. "बंद करू नको," तो म्हणाला, तांडेलाच्या आवाजात. "वाळूत घालतंय. मशीन बंद केलंस तर सुकाणू जातला."

आणि शिवाला ते पटलं. इथे हसू नका. बारा वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाच्या अंगात हे हाडामांसासारखं असतं, की मशीन गेलं की सुकाणू गेलं. डोक्याला ठाऊक होतं की ही गाडी आहे, चाकं जमिनीवर आहेत, वीज तोडली तरी वळणार. पण हाताला ते ठाऊक नव्हतं. हात खटक्यावर तसाच होता. एक.

त्या एका आकड्यावर त्याला कळलं की आपण मोजतोय. दोन म्हणायच्या आत त्याने डोळे घट्ट मिटले, भाऊ दिसू नये म्हणून, आणि खटका ओढला.

गाडी सुकाणूशिवाय राहिली नाही. तिचं बळ गेलं, सत्यवानाने डाव्या हाताने ब्रेक परत दाबला तसा त्याने तिला धरलं, आणि उजव्या हाताने तिला उजवीकडे वळवलं, मुकाट वळली. एका बर्फाच्या पेटीचा कोपरा फोडून, कोणाची तरी बांगडे भरलेली टोपली उलटी करून ती पुळणीच्या तोंडाशी थांबली. शेवटच्या बाईत आणि गाडीच्या नाकात दोन हात जागा राहिली असेल, नसेल.

मग काय, बंदर ते. बायकांनी दोघा भावांच्या सात पिढ्या उद्धरल्या. सुगंधा सगळ्यांत पुढे. नवरा जिवंत आहे असं बघितल्यावर तिच्या शिव्यांना जास्तच जोर चढला, आणि बोलताबोलता तिने तोंडाला पदर लावला. कोणाला लागलं नव्हतं. बाबली खलाशीसुद्धा थट्टा विसरून सांडलेले मासे गोळा करायला लागला. हळूहळू बाया आपापल्या वाट्यांकडे गेल्या, कारण लिलाव कोणासाठी थांबत नाही.

गाडीत दोघेच उरले. सत्यवानाचे हात अजून स्टेअरिंगवर होते.

"माका वाटलां सुकाणू गेला," तो म्हणाला.

"माका पण वाटलां."

"मगे ओढलंस कसो?"

"तुझ्याकडे बघूक नाय. डोळे मिटलंय."

समोरच्या काचेवर मिठाची पुटं होती, त्यांकडे सत्यवान बघत राहिला. मग म्हणाला, आवाज न चढवता, "त्या दिवशी कित्याक बघलंस?"

तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द आला तो असा. शिवा म्हणाला, "तूच सांगितलं होतंस, भाई. तुझो कायदो."

"माझोच. कायदो माझो, वायर माझी, पाय माझे. तुझी चूक नाय, ह्यां माका रोज सकाळी उठल्यार समाजता. आणि मगे तू चाय घेवन येतंस, दोन पायांर चलत, आणि माका तुझो राग येता. रोज येता. आज पण इलो. काय करू सांग?"

शिवाला वाटत आलं होतं की हे एकदा बोलून झालं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. उलट बोचला, हाडापर्यंत बोचला, आणि त्याला रडू फुटलं. पण रडतारडता त्याला हेही कळत होतं की तीन वर्षांत आज पहिल्यांदा भाऊ त्याच्याशी खरं बोलला. कालवणाविषयी नाही, वाऱ्याविषयी नाही.

"येवंदे राग," तो म्हणाला. "पण गप रवू नको."

सत्यवानाने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते त्यालाच ठाऊक.

"घराक नेव?" शिवाने विचारलं.

"लिलाव चालू आसा मा?"

"आसा."

"मगे थंय ने."

शिवाने दार उघडलं, पाठमोरा बसला, आणि भावाला पाठीवर घेतलं. ज्या बंदरावर स्वतःच्या हाताने गाडी हाकत यायचं होतं, तिथे सत्यवान तांडेल धाकट्या भावाच्या पाठीवर बसून आला, इस्त्रीच्या सदऱ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लोकांना कुठे बघावं कळेना. उपड्या केलेल्या एका क्रेटवर शिवाने त्याला बसवलं. सत्यवानाने सदरा नीट केला, समोरच्या माशांवरून नजर फिरवली आणि जुन्याच आवाजात विचारलं, "ह्यो सुरमयेचो वाटो कोणाचो?"

शिवा तिथे थांबला नाही. तो चढ चढून घरी आला. नर्मदा पायरीवर उभी होती. कोणीतरी आधीच पळत येऊन सांगितलं असावं, तिचा चेहरा पांढराफटक होता.

"बरो आसा, वयनी. लिलावात बसलो हा. भांडता पण आसात आता कोणाशी तरी."

पडवीत पुण्याचा डबा ठेवल्या जागीच होता. शिवाने तो उचलला, पान्ह्यांची पिशवी खांद्याला अडकवली.

"भावजी," नर्मदा म्हणाली, "त्यांका इचारलात?"

"नाय."

"मगे?"

"ह्यो आपणाहून बंद होता, वयनी," शिवा म्हणाला. "मी बाजूक आसंय नसंय, भाईन हात वर केल्यान नाय केल्यान, ह्यो बंद होता. म्हणान ह्योच बसवतलंय. भाईक राग येवंदे. रोज येताच, आजून एक."

नर्मदा वाटेतून बाजूला झाली. डबा काखेत मारून शिवा परत बंदराच्या रस्त्याला लागला.